कांचनगंगेची ईशान्य सोंड

अवघड वाटेने वर जाण्याची गोष्ट मराठी घराला नवी नाही. घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो की बेळगावचे, तानाजी मालुसरे आणि कोंढाण्याचा कडा ही जोडी अक्षरओळख होण्याआधीच कानावर पडलेली असते. घोरपडीची दंतकथा बाजूला ठेवली तरी १६७० सालच्या त्या रात्रीमागचा हिशेब स्पष्ट आहे. दरवाज्यावर कडक पहारा होता आणि कड्याकडून कोणी येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती, म्हणून कड्याची वाट धरली गेली. युद्धात अवघड वाट निवडतात ती शत्रू तिथे बसलेला नसतो म्हणून.

उंच पर्वतावर मात्र असा शत्रू नसतो. मग सोपी वाट असताना माणसे अवघड वाटेने का जातात? धाडसाची हौस, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण इतिहासाच्या वाचकाचे त्याने समाधान होत नाही. कोणतीही वाट कोणत्या तरी साली, कोणत्या तरी परवान्याने आणि कोणाच्या तरी खांद्यावर ओझे देऊन धरलेली असते. या लेखात अशाच एका वाटेची हकिगत सांगायची आहे. कांचनगंगेच्या ईशान्य सोंडेवर पहिली मोठी मोहीम गेली ती १९२९ साली. त्या सोंडेवरून माणूस शिखरापाशी पोचला तो १९७७ साली. मधल्या ४८ वर्षांत राज्ये बदलली, सरहद्दी बदलल्या, आणि ओझी वाहणाऱ्यांचे स्थानही बदलले. ही वाट का निवडली गेली, ती कोणी वाहिली, आणि ती पुरी झाल्यावर शेवटचे पाऊल का टाकले गेले नाही, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

आधी पर्वत पाहू. कांचनगंगा हे नाव आपण आपल्या जिभेला सोपे करून घेतले आहे. तिथे गंगा नाही आणि कांचन म्हणजे सोनेही नाही. मूळ तिबेटी नावाचा अर्थ ‘थोर हिमाची पाच भांडारे’ असा सांगतात. पर्वताची मुख्य शिखरे पाच आहेत, आणि सिक्कीमच्या श्रद्धेप्रमाणे तिथला अधिष्ठाता देव या भांडारांचा राखणदार आहे. पांग ल्हाबसोल या उत्सवात त्याची पूजा होते, मुखवटे घालून नृत्ये होतात. पर्वताची उंची ८,५८६ मीटर आहे. एव्हरेस्ट आणि के-टू यांच्यानंतर जगात तिसरा क्रमांक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाच जगातला सर्वोच्च पर्वत मानला जाई. दार्जिलिंगहून सरळ रेषेत तो सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. स्वच्छ हवा असेल त्या सकाळी गावातल्या बाजारातूनही तो दिसतो.

दिसायला इतका जवळ असला तरी चढायला तो दूरच होता. वरून पाहिले तर या पर्वताचा आकार फुलीसारखा आहे. चार दिशांना चार मोठ्या धारा उतरतात आणि त्यांच्यामधल्या चार कोनांत चार हिमनद्या आहेत. उत्तर आणि दक्षिण धारांवरून सरहद्द जाते. पश्चिमेला नेपाळ, पूर्वेला सिक्कीम. नैर्ऋत्येकडची हिमनदी यालुंग, ईशान्येकडची झेमू. झेमू सुमारे २६ किलोमीटर लांबीची आहे. तिचे पाणी लाचेनच्या बाजूने तीस्तेला मिळते. या झेमू हिमनदीतून एक उभा फाटा वर चढत जातो आणि सुमारे पावणेआठ हजार मीटर उंचीवर उत्तर धारेला भिडतो. सह्याद्रीतला वाटाड्या डोंगराच्या मुख्य रांगेतून खाली उतरणाऱ्या अशा फाट्याला सोंड म्हणतो. तोच शब्द येथे चपखल बसतो. ही ईशान्य सोंड.

आता पहिला प्रश्न. हीच वाट का? पहिले कारण सरहद्दीचे आहे. १९२९ साली नेपाळ परक्या गिर्यारोहकांना बंद होता. १९०५ साली यालुंगच्या बाजूने एक लहान युरोपीय तुकडी गेली होती. तिच्यातला एक स्विस अधिकारी आणि तीन हमाल हिमकोसळीत गाडले गेले. त्यानंतर ती बाजू बहुतेक बंदच राहिली. सिक्कीम मात्र ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचे संस्थान होते. दार्जिलिंगहून तिथे रस्ता जात होता, खेचरे आणि हमाल मिळत होते, आणि सरकारने परवाना दिला की झेमूपर्यंत जाता येत होते. ज्यांना कांचनगंगा चढायची होती त्यांच्यापुढे पूर्वेकडची बाजू खुली होती. त्या बाजूचे प्रचंड कडे पाहिल्यावर जिच्यावर हिमकोसळी सतत येत नाहीत अशी एकच जागा उरत होती. ती ही सोंड. म्हणजे वाट निवडताना पर्वताची बाजू राजकारणाने ठरवून दिली होती आणि त्या बाजूवरची रेघ तेवढी गिर्यारोहकांनी ठरवली. सीमाभागात राहणाऱ्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. नकाशावर ओढलेली रेघ माणसाने कोणत्या रस्त्याने जायचे हेही ठरवून टाकते.

१९२९ च्या मोहिमेचा नेता पाऊल बाउअर. व्यवसायाने दस्तऐवज नोंदवणारा वकील, पहिल्या महायुद्धात लढलेला, ब्रिटिशांच्या कैदेत राहिलेला. त्याच्याबरोबरची मंडळी म्युनिकच्या परिसरातली तरुण आणि आल्प्समध्ये तयार झालेली होती. पैसा बेताचा. भारतात त्यांना मदत केली ती एका वर्षापूर्वी, १९२८ साली, स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने. युद्धात ज्यांच्याविरुद्ध बंदूक धरली त्याच लोकांनी दार्जिलिंगला हमाल जमवून दिले, बरोबर आपला माणूसही दिला. आज या क्लबचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे, आणि बाउअरच्या दोन्ही मोहिमांचे वृत्तान्त त्याच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत वाचायला मिळतात.

ही सोंड चढणे म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे. तिच्या वरच्या अंगाला सरळ उतार नाही. बर्फाचे मनोरे एकापाठोपाठ एक उभे आहेत, काही अनेक मजली इमारतीएवढे. दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचा उतार. मनोऱ्याला वळसा घालायला जागा नसते. मग त्याच्या अंगावर कुऱ्हाडीने पायऱ्या खोदायच्या, कुठे कंगोरा कापून टाकायचा, कुठे बर्फातून आरपार बोगदा काढायचा. बुटाला बांधायचे लोखंडी काटे होते, पण पुढच्या बाजूला दात असलेले आजचे काटे तेव्हा रुळले नव्हते. म्हणून प्रत्येक पाऊल आधी खोदावे लागे आणि मग टाकावे लागे. दोर तागाचे. ते भिजले की गोठत, आणि गोठले की काठीसारखे ताठ होत. तंबू ठोकायला सपाट जागा नव्हती, म्हणून या मंडळींनी बर्फातच गुहा खोदल्या आणि त्यांत मुक्काम केला. वारा बाहेर घोंघावत असताना आत मेणबत्ती स्थिर जळे. पुढे हिमालयातल्या अनेक मोहिमांनी ही युक्ती उचलली.

एकदा पायऱ्या खोदल्या की काम संपत नाही. रात्रीत बर्फ पडले की त्या बुजतात आणि सकाळी पुन्हा खोदाव्या लागतात, कारण मागून ओझी येणार असतात. अन्न, इंधन, झोपण्याच्या पिशव्या, दोर, सगळे पाठीवर. दिवसाला शंभर मीटर पुढे सरकणे हेसुद्धा मोठे यश ठरे. हवा विरळ, साडेसात हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी दाब उरतो. कृत्रिम प्राणवायूचा आधार त्यांनी घेतला नव्हता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुढची जोडी सुमारे ७,४०० मीटरपर्यंत पोचली. सर्वांत अवघड भाग खाली राहिला होता. त्याच वेळी वादळ सुरू झाले आणि दिवसेंदिवस बर्फ पडत राहिले. थांबणे म्हणजे गुहेतच गाडून घेणे. उतरणे म्हणजे कमरेइतक्या बर्फातून, हिमकोसळीच्या तोंडावरून, बुजलेल्या पायऱ्या चाचपत जाणे. ते उतरले. ओझी कड्यावरून खाली टाकून दिली. एका सदस्याचे पाय हिमदंशाने बाधले. पण सगळे जिवंत परतले, आणि परतल्यावर बाउअरने वाट कुठे कशी आहे, गुहा कुठे खोदता येते, वारा कुठून येतो, हे सविस्तर लिहून ठेवले.

दोन वर्षांनी, १९३१ साली, ते पुन्हा आले. या वेळी उन्हाळा जास्त होता, बर्फ सैल होते, सोंडेवरचे मनोरे कोसळत होते. ९ ऑगस्टला हर्मान शालर आणि पसांग नावाचा शेर्पा यांचा अपघात झाला. एका घळीतून चढताना तिघे एका दोरावर होते. दोघे खाली गेले; दोर तुटला आणि तिसरा, तोही शेर्पाच, वर राहिला. खाली हिमनदीतल्या खडकाच्या एका उंचवट्यावर शालर आणि पसांग यांना शेजारी शेजारी पुरले. मोहीम काही दिवस थांबली आणि पुन्हा वर चढू लागली. हा निर्णय बरोबर की चूक, हे आज शहरात बसून ठरवणे सोपे आहे. मला ते ठरवायचे नाही. एवढे मात्र नोंदवायला हवे की पुढे जायचे की नाही याचा विचार शेर्पांनाही करावा लागला. त्यांच्यासाठी हा हौसेचा मामला नव्हता. हा रोजगार होता, आणि तो आणताना त्यांचा एक माणूस गेला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर पुढची तुकडी सोंडेच्या माथ्यावर, सुमारे ७,७०० मीटरवर, पोचली. आता सोंड संपली होती. पलीकडे उत्तर धार दिसत होती आणि धारेवरून शिखर. मध्ये फक्त शंभर-सव्वाशे मीटरचा एक बर्फाचा उतार होता. पण त्या उताराचा वरचा थर कठीण पोटावर सैल बसला होता. त्यावर पाय ठेवला की सगळा उतार निसटून खाली जाईल अशी स्थिती होती. त्यांनी नीट पाहिले, दुसरी वाट आहे का ते तपासले, आणि मागे फिरले.

दोन मोहिमा, माणसांचे मृत्यू, महिनोन्‌महिने खोदलेल्या पायऱ्या, आणि शेवटी एक उतार. एवढ्या जवळ येऊन परतणे त्यांना किती जड गेले असेल! तरी त्यांनी ‘थोडक्यात हुकले’ एवढे लिहून हात झटकले नाहीत. कोणत्या उंचीवर, कोणत्या प्रकारच्या बर्फामुळे, कोणत्या ऋतूत अडलो, ते लिहिले. शिखराची नोंद करायला एक ओळ पुरते. माघारीची नोंद प्रामाणिकपणे करायची तर पाने लागतात आणि मनाचा मोठेपणाही लागतो. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतात ती ही पाने.

बाउअरचे सगळेच आयुष्य मात्र अनुकरणीय होते असे नाही, आणि ते लपवणे इतिहासाला शोभणार नाही. कांचनगंगेवरच्या त्याच्या पुस्तकाला १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये साहित्याचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये कलांचेही सामने होत. पुढे नाझी राजवटीत जर्मन गिर्यारोहणाच्या सरकारी कारभाराचा तो प्रमुख झाला. पर्वतावर सावध असलेला माणूस खाली सपाटीवर सावध असतोच असे नाही. १९३१ च्या सोंडेवरचे त्याचे दोन खंदे सोबती, कार्ल वीन आणि हान्स हार्टमान, १९३७ साली नंगा पर्वतावर एकाच रात्री हिमकोसळीत गेले. त्या रात्री सात जर्मन आणि नऊ शेर्पा मिळून सोळा माणसे गाडली गेली. ज्या सैल उतारासमोर हे दोघे १९३१ साली थांबण्याचा विचार करू शकले, तशीच कोसळ सहा वर्षांनी झोपेत त्यांच्यावर आली.

आता दुसरा प्रश्न. ही वाट वाहिली कोणी? शेर्पा हे मूळचे पूर्व नेपाळातल्या सोलू-खुंबू भागातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्यातली बरीच कुटुंबे कामाच्या शोधात दार्जिलिंगला आली. ब्रिटिशांचे नवे गाव वसत होते, रस्ते होत होते, चहाचे मळे होत होते. ती आली, राहिली, आणि तिथलीच झाली. घरात आपली बोली, बाहेर नेपाळी, साहेबाशी मोडके इंग्रजी किंवा हिंदुस्थानी. सणवार आपले, पोट दुसऱ्या मुलखाच्या कामावर. दुसऱ्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आणि कारभारांबरोबर गेले. शेर्पा पाठीवर ओझे घेऊन गेले. फरक लहान नाही. आपल्या पूर्वजांच्या सनदा, वंशावळ्या, वाडे राहिले. त्यांच्यापैकी पहिल्या पिढीतल्या बहुतेकांचे नाव राहिले ते मोहिमांच्या पुस्तकांतल्या परिशिष्टांत, तेही साहेबाला ऐकू आले तसे लिहिलेले. पसांग हे नावसुद्धा त्यांच्यात शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला ठेवतात. त्या नावाचे किती जण त्या वर्षांत ओझी वाहत होते याची मोजदाद नाही. १९३० साली याच पर्वताच्या वायव्य बाजूवर चेत्तन नावाचा अनुभवी शेर्पा हिमकोसळीत गेला. एका वर्षाच्या अंतराने दोघे.

तरीही या लोकांनी पर्वताची विद्या आत्मसात केली. पायऱ्या कशा खोदायच्या, दोर कसा सोडायचा, कोणते बर्फ आवाज करते, हे ते ओझे वाहता वाहता शिकले. हिमालयन क्लब त्यांना ‘टायगर’ ही पदवी देऊ लागला. १९५३ साली तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेनसिंग तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा प्रमुख होता. कालपर्यंत जो पाठीवर पेटी घेऊन साहेबाच्या मागे चालत होता, तो आता सेनेतल्या अधिकाऱ्यांना चढायला शिकवू लागला. माझ्या मते भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासातली ही घटना एखाद्या शिखराइतकीच मोठी आहे.

दरम्यान सरहद्दी पुन्हा हलल्या होत्या. १९५० च्या सुमारास तिबेट बंद झाला आणि नेपाळ उघडला. त्यामुळे १९५५ साली चार्ल्स इव्हान्सच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश मोहीम नेपाळातून, यालुंगच्या बाजूने गेली. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड कांचनगंगेच्या माथ्यापाशी पोचले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर. पण त्यांतला कोणीही शिखराच्या अगदी टोकावर पाय ठेवला नाही. सिक्कीमच्या राजघराण्याला त्यांनी तसा शब्द दिला होता. अखेरचे काही पावलांचे अंतर सोडून ते परतले. पर्वत चढला गेला होता. ईशान्य सोंड मात्र १९३१ साली जिथे सोडली तिथेच होती.

जगाच्या दृष्टीने आता तिची गरज संपली होती. सोपी म्हणता येणार नाही, पण तुलनेने सुगम अशी वाट सापडली होती. मग १९७७ साली भारतीय सेनेची मोहीम त्याच जुन्या सोंडेकडे का वळली? येथेही उत्तराचा अर्धा भाग सरहद्दीत आहे. सिक्कीम १९७५ साली भारतात आले. आपल्या देशातून या पर्वतावर जायचे तर झेमूची बाजूच उरत होती. ज्या कारणाने बाउअर तिथे गेला, जवळपास त्याच कारणाने आपली माणसे गेली. उत्तराचा दुसरा अर्धा भाग नेत्याच्या स्वभावात आहे.

मोहिमेचे नेते कर्नल नरेंद्र कुमार. सेनेत आणि बाहेरही ते ‘बुल’ या नावाने ओळखले जात. दार्जिलिंगच्या संस्थेत शिकलेले, पुढे तिथलेच प्राचार्य झालेले. १९६१ साली नीलकंठ शिखरावर हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटे गेली. डॉक्टरांच्या हिशेबाने त्यांचे उंच चढणे तिथेच संपायला हवे होते. १९६४ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडीने नंदादेवी चढली आणि १९६५ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत ते उपनेते होते. पाय अर्धवट असलेल्या माणसाने पर्वताची पुरी न झालेली वाट निवडावी यात एक संगती आहे, पण ती ओढून ताणून दाखवण्याची गरज नाही. त्यांना माहीत होते की ही सोंड दोनदा नाही म्हणाली आहे, आणि ती कुठे नाही म्हणाली हेही लिहिलेले होते.

ऋतू बदलला होता. बाउअर पावसाळ्याच्या शेवटी चढत असे आणि ऑक्टोबरच्या वादळात किंवा ओल्या बर्फात सापडे. भारतीय मोहीम वसंतात, पावसाळा येण्याआधी गेली. साधने बदलली होती. तागाच्या दोरांच्या जागी नायलॉनचे दोर आले होते, आणि ते सोंडेभर बांधून ठेवता येत होते. तरी बर्फाचे मनोरे तेच, दोन्ही बाजूंची खोली तीच. या वाटेने आणखी एक बळी घेतला. हवालदार सुखविंदर सिंग मोहिमेत मरण पावले. मोहीम थांबली नाही. १९३१ प्रमाणेच येथेही निवाडा देण्याचा मोह आवरावा आणि नाव लक्षात ठेवावे.

सोंडेचा माथा गाठून, जिथे वीन आणि हार्टमान यांची मोहीम अडली होती तो उतार ओलांडून, माणसे उत्तर धारेवर आली. ३१ मे १९७७ रोजी मेजर प्रेमचंद आणि नाईक नीमा दोर्जे शेर्पा शिखराशी पोचले. कांचनगंगेवरचे हे दुसरे यशस्वी आरोहण, आणि ईशान्य सोंडेवरचे पहिले. बाउअर तेव्हा ऐंशी वर्षांचा होता आणि हयात होता.

त्या जोडीकडे क्षणभर पाहा. १९३१ साली याच सोंडेवर एका दोराला एक जर्मन आरोहक होता आणि दोन शेर्पा हमाल होते. त्यांतल्या हमालांची नेमणूक दिवसाच्या मजुरीवर होती. १९७७ साली शेवटच्या दोराला एक मेजर आणि एक नाईक. दुसऱ्याचे आडनाव शेर्पा. सैन्याची उतरंड होतीच, मेजर आणि नाईक यांत अंतर होतेच. पण नाईक शेर्पा तिथे कोणाचे ओझे घेऊन आला नव्हता. तो शिखरावर जाण्यासाठीच निवडला गेला होता आणि नोंदीत त्याचे नाव पहिल्याच ओळीत आले. पसांगपासून नीमा दोर्जेपर्यंत ४६ वर्षे लागली. ईशान्य सोंडेची खरी उंची मोजायची तर मीटरबरोबर हेही अंतर मोजावे लागेल.

तिसरा प्रश्न शेवटच्या पावलाचा. प्रेमचंद आणि नीमा दोर्जे यांनीही टोकावर पाय ठेवला नाही. ते काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान १९५५ च्या ब्रिटिशांनी राखला, तसाच त्यांनी राखला. आपल्याला हे कळायला जड नाही. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर थांबून दर्शन घेणे आपल्या अंगवळणी आहे. पण दोन पिढ्या झगडून, माणसे गमावून, जगातल्या अत्यंत अवघड वाटांपैकी एक पुरी केल्यावर शेवटचे काही फूट सोडून देणे हे उंबरठ्यावर थांबण्याहून अधिक आहे. वर कोणी पाहणारे नव्हते. गेलो असतो तरी खाली कळले नसते. असा शब्द पाळला जातो तो पाळणाऱ्यामुळेच.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात. १९७९ साली पीटर बोर्डमन, डग स्कॉट आणि जो टास्कर हे तिघे नेपाळच्या बाजूने उत्तर धारेवर चढले आणि कृत्रिम प्राणवायूशिवाय माथ्यापाशी पोचले. २०१९ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा आरोहक एका मोहिमेत कांचनगंगेवर गेले, तेही नेपाळातून. सिक्कीमच्या बाजूला १९७७ सालीच राष्ट्रीय उद्यान झाले. २००० साली एका परदेशी मोहिमेला त्या बाजूने परवाना मिळाला, तेव्हा सिक्कीमच्या लोकांनी विरोध केला, आणि पुढे राज्याने पवित्र शिखरांवरच्या चढाईला बंदी घातली. २०१६ साली या परिसराला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ईशान्य सोंड आज चढण्यासाठी बंद आहे.

ज्यांना याचे वाईट वाटते त्यांचे मन मी समजू शकतो. माणसांनी जिवाच्या मोलाने खोदलेली वाट नुसती नकाशावर राहावी, हे खटकते. पण त्या वाटेचा इतिहास नीट पाहिला तर तिच्यावर कोणाची मालकी कधीच नव्हती. एका राज्याच्या परवान्याने ती उघडली, दुसऱ्या राज्याच्या काळात ती पुरी झाली, आणि ज्यांच्या दारात ती आहे त्यांनी ती मिटवून घेतली. डोंगर जिथे आहे तिथल्या लोकांचा शब्द शेवटचा असावा, यात अन्याय नाही. प्रेमचंद आणि नीमा दोर्जे यांनी तो शब्द शेवटच्या काही फुटांपुरता मानला होता. सिक्कीमने तो पर्वताच्या पायथ्यापर्यंत आणला, इतकेच.

वाट बंद झाली तरी तिची कागदपत्रे शिल्लक आहेत. १९२९ आणि १९३१ चे वृत्तान्त वाचायला मिळतात, १९७७ चेही मिळतात. आपल्या मंडळाच्या वाचनालयात शिखरे जिंकलेल्यांची पुस्तके भरपूर आहेत. त्यांच्या शेजारी मागे फिरलेल्यांच्या नोंदीही ठेवाव्यात असे मला वाटते. आपल्या घराण्यांच्या बखरींनाही हेच लागू आहे. कोण पोचला हे आपण जपून ठेवले. कोण कुठे अडला, कोणाबरोबर ओझे घेऊन कोण गेले, आणि त्यातले कोण परत आले नाही, हे फारसे लिहिले गेले नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते अजून आठवत असेल तर विचारून घ्यावे, आणि नावे त्यांनी सांगितली तशीच लिहून ठेवावीत.